मशीनच्या बॉडीत करंट: आधी काय बघायचं, नंतर काय उघडायचं आणि कुठे थांबायचं

लेथ, ड्रिल, मिलिंग, बेंच ग्राइंडर, पॉवर हॅक्सॉ. मशीन कोणतंही असो, तक्रार साधारण अशीच येते:

- हँडव्हीलला किंवा टूलपोस्टला हात लावला की झिणझिण्या येतात. पाय ओले असले किंवा घाम आला असला की जास्त.
- बोटांची मागची बाजू बेडवरून अलगद फिरवली की लोखंड थरथरल्यासारखं वाटतं.
- नुसत्या लेथला हात लावला तर काही नाही, पण एक हात लेथवर आणि दुसरा शेजारच्या ग्राइंडरवर गेला की झटका.
- मशीन चालू असतानाच लागतं. किंवा कूलंट सुरू केल्यावरच. किंवा लॅम्प लावल्यावरच.
- मशीन बंद, मशीनचा मेन स्विचही खाली, तरी लागतं.
- पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा चालू करताना आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) पडतो. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं.
- दुरुस्ती झाली, काही महिने बरे गेले, आणि परत तेच.

शेवटच्या लक्षणासाठी हे सगळं लिहितोय. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात मशीन दुरुस्तीची कामं करताना हा दोष इतक्या वेळा समोर येतो की त्याची चाल पाठ झाली आहे. बॉडीत करंट हाताला जाणवतो तेव्हा जवळजवळ नेहमी दोन गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असतात. एक, कुठून तरी फेज बॉडीकडे झिरपतोय. दोन, झिरपलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वाट तुटली आहे किंवा कमजोर झाली आहे. अर्थिंग शाबूत असतं तर बारीक गळती हाताला कळलीच नसती. गळती नसती तर तुटलेलं अर्थिंग वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नसतं.

वायरमन येतो, पहिली सापडलेली गोष्ट नीट करतो, झिणझिण्या थांबतात, मालक खूश. दुसरी तशीच राहते. म्हणून खालच्या तपासण्यांत मध्येच काही सापडलं तरी यादी पुरी करा. एक दोष सापडला म्हणजे अर्धंच काम झालं.

"जुनं मशीन आहे अण्णा, थोडं लागणारच." हे वाक्य प्रत्येक शॉपमध्ये ऐकायला मिळतं. लागणारच असं काही नसतं. साधारण १ मिलीअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि पकड सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. कोरड्या हाताला रबरी सोलच्या बुटात जी झिणझिणी वाटते, तीच गळती कूलंटने भिजलेल्या हाताला आणि ओल्या कोब्यावर उभ्या असलेल्या अनवाणी पायाला झटका म्हणून लागते. मशीन बदललेलं नसतं, मधला माणूस ओला झालेला असतो.

लक्षणावरून अंदाज

यंत्र उघडण्याआधी पाच मिनिटं ऑपरेटरशी बोला. कधी लागतं हे त्याला अचूक माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

लॅम्प लावल्यावरच लागत असेल तर लॅम्पची वायर. कूलंट सुरू केल्यावरच लागत असेल तर कूलंट पंप. मोटर फिरतानाच लागत असेल तर स्टार्टरच्या पुढची केबल, मोटरचा टर्मिनल बॉक्स किंवा वाइंडिंग. दोन मशीनना एकदम हात लागल्यावर झटका बसत असेल, तर दोन्हींपैकी एकाचं अर्थिंग तुटलेलं आहे, आणि बऱ्याचदा लोक ज्याला दोष देतात ते नव्हे तर दुसरंच.

मशीनचा मेन स्विच खाली असूनही लागत असेल तर पुढचं काही करू नका. करंट त्या मशीनमध्ये तयार होत नाहीये, तो अर्थिंगच्या वायरीतून दुसऱ्या मशीनकडून, वेगळ्या सॉकेटवर लावलेल्या लॅम्पसारख्या वस्तूकडून, किंवा न्यूट्रलकडून येतोय. सोबत शॉपमधले काही दिवे जास्त प्रखर आणि काही मंद झाले असतील तर न्यूट्रल सुटला असण्याची शक्यता मोठी. पूर्ण शॉपचा मेन बंद करून परवानाधारक वायरमनला बोलावा. आसपासच्या शेडमध्येही तसंच असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा.

हात घालण्याआधी

स्टॉपचं लाल बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं, पॅनेल बंद झालं असं नाही. बटणाने फक्त कॉन्टॅक्टर (मोटरची लाइन जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटतो. त्याच्या वरच्या तीन टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच उभे असतात. पॅनेल उघडून हात भाजलेले बरेच जण इथेच फसलेले असतात.

क्रम असा ठेवा. भिंतीवरचा आयसोलेटर किंवा मेन स्विच खाली. फ्यूज असतील तर तिन्ही ग्रिप काढून स्वतःच्या खिशात, बोर्डावर ठेवायच्या नाहीत. स्विचला कुलूप घालायची सोय असेल तर कुलूप, आणि किल्लीही खिशातच. वर पाटी: काम चालू आहे, स्विच वर करू नये. तरीही जेवणाच्या सुट्टीनंतर येणारा हेल्पर स्विच वर करू शकतो, म्हणून पाटीपेक्षा कुलपावर आणि खिशातल्या फ्यूजवर विश्वास ठेवा.

मग मीटरने खात्री. आधी मीटर चालू लाइनवर लावून तो दाखवतोय ना ते बघा, मग बंद केलेल्या जागी तिन्ही फेज आपसात आणि प्रत्येक फेज ते बॉडी तपासा, मग पुन्हा चालू लाइनवर. शेवटची पायरी लोक गाळतात. मीटरची बॅटरी किंवा लीड नेमकी मधल्या वेळेत गेली, तर बंद नसलेली लाइनही शून्य दाखवते.

मशीनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर बंद केल्यावर त्यावर लिहिलेला वेळ थांबा, साधारण ५ ते १० मिनिटं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आतल्या कपॅसिटरवर ५८० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, आणि तो मेन स्विच बघत नाही. सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरचंही तसंच. आणखी एक: मशीनचा लॅम्प किंवा डीआरओ (माप आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) पुष्कळ ठिकाणी वेगळ्या सॉकेटवर लावलेला असतो. मशीनचा मेन बंद केला तरी ती वायर जिवंत राहते. ती आधी उपसा.

शॉपमध्ये कुणाला मशीनला चिकटलेलं पाहिलं तर त्याला हाताने ओढायचं नाही. मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने त्याला मोकळं करा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. झटक्यानंतर माणूस उठून बसला, बोलला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

पहिली तपासणी: टेस्टरवर किती विश्वास ठेवायचा

फुकटातली तपासणी आहे, म्हणून पहिली. स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर बॉडीला लावला आणि पेटला, तर बॉडीवर काहीतरी आहे एवढंच कळतं. शेजारून जाणाऱ्या केबलच्या प्रभावाने आलेल्या निरुपद्रवी व्होल्टेजवरही तो पेटतो. उलट तुम्ही लाकडी फळीवर उभे असाल, किंवा उन्हात बघत असाल, तर खराखुरा फेज असूनही पेटलेला दिसत नाही. टेस्टर न पेटणं म्हणजे सुरक्षित, हे कधीच धरायचं नाही.

डिजिटल मल्टिमीटर बरा, पण त्याचीही एक खोड आहे. अर्थिंग तुटलेल्या मशीनवर तो कधी ६०, कधी ११० व्होल्ट दाखवतो. डीआरओ, व्हीएफडी किंवा एलईडी लॅम्पचा पुरवठा यांच्या फिल्टरमधून येणारी ही बारीक गळती असू शकते. ११५ च्या आसपासचा आकडा, म्हणजे २३० चा निम्मा, दिसला तर माझा पहिला संशय तिकडेच जातो. अशा वेळी वाइंडिंग खोलायला जाऊ नका, आधी अर्थिंग बघा. पूर्ण २२०-२३० दिसले तर मात्र कुठेतरी फेज थेट बॉडीला टेकलाय. मशीन तिथेच बंद ठेवा.

दुसरी: प्लग, सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड

ग्राइंडर, बेंच ड्रिल, छोटा कंप्रेसर अशा सिंगल फेज मशीनच्या बाबतीत दोष निम्म्याहून जास्त वेळा इथेच सापडतो. आणि दुरुस्तीला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

प्लग उपसून उघडा. हिरवी वायर मोठ्या पिनला घट्ट आहे का? ती सुटून आत लोंबकळत असेल तर कधीतरी फेजच्या पिनला टेकणार आणि बॉडीत थेट २३० सोडणार. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून अर्थची पिन कापलेला प्लग दिसला तर तो कचऱ्यात टाका, चालवू नका. ती पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना शेवटी सुटतो.

मग एक्स्टेन्शन बोर्ड. वरून तीन भोकं, आत दोन वायरींची केबल. बाजारातून तयार आणलेले असे बोर्ड शॉपमध्ये फिरत असतात. तीन पिनचा प्लग त्यात लावला की सगळ्यांना वाटतं अर्थ मिळाला. बोर्ड उघडून बघितल्याशिवाय समजत नाही. हातातल्या ज्या टूलवर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं, त्यांना दोनच वायरी असतात आणि ते योग्यच आहे. पण लोखंडी बॉडीच्या बेंच ग्राइंडरला हे लागू नाही.

आता या भागातला सगळ्यात वाईट प्रकार. सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा वायर अर्थच्या टर्मिनलला जोडलेला असतो. शेडला अर्थिंग नाही, खड्डा खणायचा खर्च नको, म्हणून कुणीतरी केलेला जुगाड. तो जोवर चालतो तोवर झिणझिण्याही बंद होतात, म्हणून लोकांना तो इलाजच वाटतो. मागे कुठे तरी न्यूट्रल सुटला की त्या सॉकेटवरच्या सगळ्या मशीनच्या बॉडीत, मशीनच्याच वाइंडिंगमधून फिरून, पूर्ण फेज येतो. मशीन चालत नाही, म्हणून माणूस काय झालं ते बघायला त्यालाच हात लावतो. असा तुकडा दिसला तर मशीन बंद, सॉकेट बंद, वायरमन. दुसरी चर्चा नाही.

तिसरी: मशीनवरचा अर्थचा बोल्ट

थ्री फेज मशीनच्या बाबतीत मी इथून सुरुवात करतो. कायद्याने अशा मोटरच्या फ्रेमला दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच मशीनना एकच असतं, आणि काहींना ते फाउंडेशन बोल्ट किंवा पत्र्याच्या पाइपवर सोडून दिलेलं असतं. पाइपचे सांधे गंजले की तो मार्ग संपला.

मेन बंद करून हे बघा:

बोल्टखालचा रंग खरवडलेला आहे का. मशीन नव्याने रंगवलं की रंगारी बोल्टही रंगवतो, वायर घट्ट दिसते आणि लोखंडाला टेकतच नाही. बटाला किंवा राजकोटकडून आलेला जुना लेथ विकण्याआधी चकाचक रंगवलेला असतो, त्यात हे हमखास. वायरीला लग (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आहे का, की नुसती पिळून बोल्टभोवती गुंडाळली आहे. दातेरी वॉशर आहे का, कारण मशीनच्या थरथरण्याने साधा नट ढिला होतो. वायर बेडला जोडली आहे की चिप गार्डच्या पत्र्याला. पत्रा चार स्क्रूंवर असतो, तो काढून ठेवला की अर्थिंगही गेलं. पॅनेलच्या दाराला वेगळी जाळीची पट्टी आहे का, कारण बिजागऱ्यांतून अर्थिंग मिळत नाही आणि बटणं मात्र दारावरच असतात.

मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीवर आणि दुसरं मशीनच्या घासून उघड्या केलेल्या लोखंडावर. लीड लांब लागेल. दोन्ही टोकं आपसात टेकवून लीडचा स्वतःचा ओहम आधी वजा करा. शिल्लक राहिलेला आकडा १ ओहमच्या बराच खाली हवा. मोजताना वायर हलवा. आकडा उडाला तर आत कुठेतरी वायर तुटलेली आहे आणि फक्त इन्सुलेशनने धरून ठेवली आहे. ही सगळी तपासणी लाइन बंद असताना होते, त्यामुळे मीटर वापरता येणाऱ्या कुणाही फिटरने करायला हरकत नाही.

वायरमन मंडळी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावून अर्थिंग बघतात. बल्ब नीट पेटला की "अर्थिंग चांगलं आहे." यात दोन खोट आहेत. बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे २० ओहमचं रद्दी अर्थिंगसुद्धा त्याला जेमतेम ८-९ व्होल्टने मंद करतं, आणि डोळ्याला तो फरक कळत नाही. दुसरी खोट जिवावरची आहे. अर्थची मुख्य वायर तुटलेली असेल तर बल्बमधून फेज त्या वायरीवर असलेल्या सगळ्या मशीनच्या बॉडीत जातो. कुणीतरी दुसऱ्या टोकाला ड्रिलवर काम करत असतो आणि त्याला काही माहीत नसतं. ही चाचणी ज्याला करायची आहे त्याने सगळ्यांना मशीनपासून लांब उभं करावं. तुम्ही स्वतः करू नका.

चौथी: लॅम्प, कूलंट पंप आणि बाकी पाहुणे

अर्थिंग नीट केलं, झिणझिण्या थांबल्या. इथेच लोक थांबतात. गळती अजून आहे, फक्त आता ती जमिनीत जातेय.

आरसीसीबी असेल तर तोच शोधायला मदत करतो. मशीनची एकेक जोडणी वेगळी करायची आणि कशामुळे पडायचं थांबतं ते बघायचं. प्रत्येक वेळी मेन बंद, वायर सोडवा, उघडं टोक झाका, मग चालू. आधी सगळ्यात स्वस्त वस्तू.

लॅम्प. वाकणाऱ्या लोखंडी दांडीतून गेलेली २३० व्होल्टची वायर दर वेळी वाकवताना आत घासली जाते. इन्सुलेशन एका जागी उडालं की दांडी आणि तिच्यामागे अख्खं मशीन जिवंत. वायर बदलून भागत नाही, ती पुन्हा घासणार. दोन वेगळ्या वाइंडिंगचा छोटा ट्रान्सफॉर्मर टाकून लॅम्प २४ व्होल्टवर न्या. टाकीसारख्या बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवा १९४८ च्या कारखाना कायद्यालाही चालत नसे. डोक्यापासून हातभर अंतरावर, कूलंटच्या शिंतोड्यांत असलेल्या लॅम्पला तोच नियम लावला तर बिघडत नाही.

कूलंट पंप. मोटर वर, पंखा टाकीत. टर्मिनल बॉक्सचं रबर कडक होऊन चिरलं की कूलंट आत. कूलंट म्हणजे पाणी, तेल आणि लोखंडाचा बारीक कीस, वीज वाहायला उत्तम मिश्रण. झाकण उघडा, कोरडं करा, रबर बदला. वाइंडिंगच भिजलं असेल तर पंप रिवाइंडिंगला, आणि हा खर्च मुख्य मोटरच्या मानाने किरकोळ असतो.

लिमिट स्विच आणि केबलच्या एंट्रीज. पत्र्याच्या भोकातून ग्लँडशिवाय (केबल घट्ट धरणाऱ्या कॉलरशिवाय) घुसवलेली केबल थरथरीने हळूहळू कापली जाते. भोकाच्या काठावर बोट फिरवा, अर्थात मेन बंद करूनच. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पॅनेलच्या तळाशी असतात, लेंड्या दिसल्या की तिथे टॉर्च मारा.

आणि बीड (कास्ट आयर्न). आमच्याकडे फाउंड्रीचं काम जास्त, त्यामुळे कास्टिंग टर्न करताना उडणारी काळी पावडर स्टार्टरमध्ये, टर्मिनल बॉक्समध्ये, बटणांच्या मागे जाऊन बसते. ती वीज वाहते. कोरडी असताना निभावतं, जूनमध्ये हवेतली ओल तिच्यात शिरली की एका टर्मिनलपासून बॉडीपर्यंत वाट तयार होते. सकाळी पडणाऱ्या आणि दुपारी टिकणाऱ्या आरसीसीबीचं हे नेहमीचं कारण आहे, मशीन तापलं की ओल उडून जाते. साफ करताना कंप्रेसरची हवा मारू नका. पावडर कॉन्टॅक्टरच्या आणि वाइंडिंगच्या आत जाऊन बसते. ब्रशने सैल करा आणि व्हॅक्यूमने ओढा.

व्हीएफडी असलेल्या मशीनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी काही बिघाड नसतानाही पडू शकतो. ड्राइव्हच्या फिल्टरची गळती मुळातच असते. तिथे कोणत्या प्रकारचा आणि किती मिलीअँपिअरचा लावायचा हे ड्राइव्हचं पुस्तक बघून परवानाधारकाने ठरवावं. पडतो म्हणून आरसीसीबी काढून सरळ जोडणं हा उपाय नाही. असं करून ठेवलेले बोर्ड बघून राग येतो.

पाचवी: मोटर

इथून पुढे मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) लागतो. ज्याच्याकडे मेगर नाही किंवा तो कधी वापरलेला नाही, त्याने इथे थांबावं. मल्टिमीटरने वाइंडिंग ते बॉडी तपासून "दाखवत नाही म्हणजे ठीक" म्हणणं निरर्थक आहे. मल्टिमीटर काही व्होल्टवर बघतो, मोटर ४१५ वर चालते. ओलसर इन्सुलेशन कमी व्होल्टेजला गप्प बसतं आणि जास्त व्होल्टेजला फुटतं.

मोटरची केबल टर्मिनलवरून सोडवायची, म्हणजे ड्राइव्ह, ओव्हरलोड आणि बाकी इलेक्ट्रॉनिक भाग मेगरच्या तावडीतून सुटतात. हे विसरून ड्राइव्ह जाळल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते बॉडी, आणि पट्ट्या काढून तिन्ही वाइंडिंग आपसात. केबल वेगळी मोजायची. बऱ्याचदा मोटर निर्दोष निघते आणि जमिनीखालून गेलेली केबल भिजलेली असते. मोजून झालं की वाइंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करायचं.

चांगली मोटर थंड असताना दहा-वीस मेगाओहमच्या वरच असते, नवी असेल तर शेकड्यांत. १ मेगाओहमच्या खाली मोटर चालवायची नाही. १ ते ५ च्या मधे असेल तर ती कोरडी करून पुन्हा मोजा: रोटर काढून आत बल्ब लावून ठेवणं ही जुनी रीत चालते, नाहीतर रिवाइंडिंगवाल्याकडे भट्टीत बेक करून वार्निश. वाळल्यावर आकडा चढला तर दोष ओलीचा होता, मग पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा टेबलावर येणार. शून्य दाखवत असेल तर वाळवण्यात वेळ घालवू नका. रिवाइंडिंग.

सहावी: अर्थिंगचा खड्डा

सगळ्यात शेवटी, कारण खणणं आलं. काळी माती पावसाळ्यात झकास अर्थिंग देते आणि उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीत तर ओलावा टिकतच नाही. एप्रिल-मेमध्येच झिणझिण्या येत असतील तर खड्ड्यात पाणी ओतून बघा. फरक पडला तर दोष इथे आहे. कोळसा-मीठ जुनं झालं असेल, जीआय पाइप खाली गंजून संपला असेल.

हे मोजायला अर्थ टेस्टर आणि जमिनीत ठोकायच्या सळया लागतात, म्हणजे ते कॉन्ट्रॅक्टरचं काम. पण आकड्याचा अर्थ मालकाला कळला पाहिजे, म्हणून एक हिशोब. समजा खड्ड्याचा आकडा ५ ओहम निघाला. "चांगला आहे," असं सांगितलं जाईल. फेज बॉडीला टेकला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर. शॉपच्या बोर्डावर ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल, तर तो झटक्यात पडायला त्याला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तासभरसुद्धा उभा राहू शकतो. तेवढा वेळ मशीनच्या बॉडीवर जीवघेणं व्होल्टेज असतं, आणि बोर्डावर सगळं नॉर्मल दिसतं.

म्हणून मातीच्या अर्थिंगवर चालणाऱ्या शॉपला आरसीसीबी लागतोच. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी एमसीबीच्या कितीतरी आधी पडतो, खड्डा ५ ओहमचा असो वा ५० चा. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते बटण फक्त आरसीसीबी पडतो का एवढंच सांगतं. तुमची अर्थची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडतो, त्यामुळे तिसरी तपासणी त्याने टळत नाही.

थांबून वायरमनला कधी बोलवायचं

मीटर बॉडीवर १०० च्या पुढे दाखवतोय आणि लॅम्प, पंप, डीआरओ सोडवूनही उतरत नाही. मेन बंद असूनही करंट येतोय. जळका वास, काळवंडलेलं टर्मिनल किंवा वितळलेली वायर दिसली. न्यूट्रल-अर्थची जोडणी सापडली. पॅनेलमधल्या वायरी नकाशाशी जुळत नाहीत किंवा नकाशाच नाही. चालू लाइनवर मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यातलं एकही असेल तर मशीनला कुलूप आणि परवानाधारक माणूस. कुणाला खरा झटका बसून गेला असेल तर तपासण्याही करू नका, मशीन आहे तसं ठेवा, म्हणजे येणाऱ्याला दोष सापडेल.

बोलावताना "बघून द्या" एवढंच सांगू नका. मोटरचा आणि केबलचा मेगरचा आकडा, मशीनपासून बोर्डापर्यंत अर्थिंगचे ओहम, खड्ड्याचे ओहम आणि आरसीसीबी मीटरवर किती मिलीसेकंदात पडला, एवढे चार आकडे बिलावर लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याने मोजलेलं नसतं.

पुन्हा चालू करताना

सगळी झाकणं आणि ग्लँड बसवून, अर्थिंगचे ओहम शेवटचे एकदा मोजून, मग फ्यूज. आरसीसीबीचं बटण दाबून बघा. मल्टिमीटरचं एक टोक बोर्डाच्या अर्थ पट्टीला, दुसरं बेडला क्लिपने लावून ठेवा आणि हात न लावता एकेक गोष्ट सुरू करा: आधी नुसता मेन, मग लॅम्प, मग कूलंट, मग स्पिंडल सरळ आणि उलट. आकडा कुठल्याच पायरीला एक-दोन व्होल्टच्या वर जाता कामा नये. गेला तर ज्या पायरीला गेला तिथे परत.

हे आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि मे महिन्याच्या शेवटी व दिवाळीच्या सुमारास पुन्हा मोजून खाली लिहा. ५० मेगाओहम असलेली मोटर एका पावसाळ्यात ३ वर आलेली कागदावर दिसली, तर ऑपरेटरला झिणझिण्या येण्याआधीच ती वाळवायला काढता येते.